वाचकांचे प्रश्न : डॉलर वर का जातो, येन खाली का येतो?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे चलनांवरचे इतके प्रश्न आलेत की यावेळी बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त तेच घेतो. काही पत्रं खूप लांब होती म्हणून छापताना कापलीयेत, पण विचारणाऱ्याचं म्हणणं तेच ठेवलंय. नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : अमेरिकेच्या डोक्यावर डोंगराएवढं कर्ज आहे, आयात कायम निर्यातीपेक्षा जास्त, सरकारचं बजेट जवळजवळ दरवर्षी तुटीत. एखाद्या घराचा कारभार असा असता तर दारात कुणी उभं केलं नसतं. मग डॉलर इतकी वर्षं टिकतो कसा आणि मधूनच उलट वर कसा जातो? हा सगळा दादागिरीचा खेळ आहे का?

घराची तुलना करायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण नेमकी तिथेच वाट चुकते. घरातला माणूस कर्ज घेतो ते दुसऱ्याने छापलेल्या नोटांमध्ये, आणि अमेरिका कर्ज घेते ते स्वतःच्या डॉलरमध्ये. त्यामुळे पैसे द्यायलाच उरले नाहीत अशी वेळ तिच्यावर त्या अर्थाने येत नाही, येऊ शकते ती वेगळी वेळ, की दिलेल्या डॉलरची किंमत कमी झालेली असेल. हे लोकांनाही कळतं, तरी ते डॉलर घेतात. का घेतात ते बघू.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण खालच्या सगळ्या उत्तरांमध्ये ती परत परत येणार आहे. चलनाला एकट्याची अशी किंमत नसतेच. तराजूच्या दोन पारड्यांसारखं आहे, डॉलर वर गेला आणि युरो खाली आला या दोन बातम्या नाहीत, ती एकच बातमी आहे. म्हणून "अमेरिकेचं कसं चाललंय" हा अर्धा प्रश्न झाला, उरलेला अर्धा म्हणजे "कुणाच्या तुलनेत". अमेरिकेचं वाईट चाललं असेल आणि युरोपचं त्याहून वाईट, तर डॉलर युरोसमोर वर जाणार, मग कर्जाचा आकडा काहीही असो.

आता डॉलर कुणाला लागतो ते बघा. जगभर रोज परकीय चलनांचे जे व्यवहार होतात त्यांचं मोजमाप दर तीन वर्षांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलची बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स करते. एप्रिल २०२२ मध्ये हा आकडा रोजचे ७.५ लाख कोटी डॉलर होता आणि त्यातल्या ८८ टक्के व्यवहारांच्या एका बाजूला डॉलर होता. म्हणजे दोन असे देश, ज्यांचा अमेरिकेशी काही संबंध नाही, तेसुद्धा एकमेकांचं चलन घेताना बऱ्याचदा आधी डॉलर घेतात आणि मग डॉलर देऊन समोरचं चलन घेतात, कारण डॉलरचा गिऱ्हाईक कधीही, कुठेही मिळतो. याला दादागिरी म्हणण्यापेक्षा सवय म्हणा. सगळे डॉलर घेतात म्हणून मीही घेतो, आणि मी घेतो म्हणून पुढचा घेतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २००८ चं. संकट अमेरिकेच्या घरात पेटलं, तिथल्या गृहकर्जांमधून. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही तिथली मोठी गुंतवणूक बँक कोसळली, आणि त्या पुढच्या काही आठवड्यांत डॉलर काय झाला? वर गेला! कारण जगभरच्या बँकांनी कर्जं डॉलरमध्ये उचलली होती, ती फेडायला त्यांना डॉलरच लागत होते आणि कुणी कुणाला द्यायला तयार नव्हतं. शेवटी फेडला, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला, इतर देशांच्या मध्यवर्ती बँकांना डॉलर उधार द्यावे लागले. स्टीफन जेन नावाच्या अर्थतज्ज्ञाने याला "डॉलरचं हसू" म्हटलंय, हसणाऱ्या ओठांसारखी रेषा डोळ्यासमोर आणा. अमेरिकेचं जगापेक्षा छान चाललेलं असतं तेव्हा डॉलर वर, जग घाबरलेलं असतं तेव्हाही वर, आणि मधल्या पट्ट्यात, जिथे जगाचं बरं चाललंय आणि अमेरिका जरा रेंगाळतीये, तिथे खाली.

पण कर्जाचा, धोरणाचा काहीच फरक पडत नाही असं मात्र समजू नका, तो पडतो आणि २०२५ मध्ये दिसलाही. २ एप्रिलला अमेरिकेने जवळजवळ सगळ्या देशांवर नवीन आयात शुल्क जाहीर केलं. पुस्तकात लिहिलंय की शुल्क लावलं की आयात घटते, परदेशी चलन कमी लागतं, म्हणून आपलं चलन वर जातं. झालं उलटंच. डॉलर पडला, आणि त्याच दिवसांत अमेरिकन सरकारी रोख्यांचे भावही पडले, जे एरवी घबराटीत वर जातात. त्या वर्षीच्या पहिल्या सहामाहीत डॉलर इंडेक्स, म्हणजे काही मोठ्या चलनांच्या तुलनेत डॉलरचा भाव दाखवणारा आकडा, १० टक्क्यांच्या वर घसरला, १९७३ नंतर पहिल्या सहामाहीतली एवढी पडझड झाली नव्हती. माझं मत विचाराल तर लोकांनी डॉलर सोडला असं नाही, पण ज्या परदेशी फंडांकडे अमेरिकन शेअर आणि रोखे गच्च भरले होते आणि डॉलर पडेल याची ज्यांनी कधी काळजीच केली नव्हती, त्यांनी ती करायला सुरुवात केली. आणि काळजी करायची म्हणजे डॉलर पुढच्या तारखेचे आत्ताच विकून ठेवायचे. एवढ्यानेही भाव हलतो. जगातल्या मध्यवर्ती बँकांच्या गंगाजळीत डॉलरचा वाटा १९९९ मध्ये साधारण ७१ टक्के होता, २०२४ च्या शेवटी तो ५८ च्या आसपास आला. पाव शतकात एवढी घट, म्हणजे सवय मोडतीये पण फार सावकाश.

प्रश्न : ज्या देशाकडे सोनं जास्त त्याचं चलन मजबूत, असं शाळेत शिकलो होतो. ते अजून खरं आहे का?

नाही. एके काळी होतं. १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स इथे ४४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि जी व्यवस्था ठरली तिच्यात ३५ डॉलरला एक औंस सोनं हा भाव होता, बाकीची चलनं डॉलरला बांधलेली. १५ ऑगस्ट १९७१ ला, रविवारी संध्याकाळी, राष्ट्राध्यक्ष निक्सन टीव्हीवर आले आणि इतर देशांना डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवल्याचं सांगून टाकलं. १९७३ पर्यंत मोठी चलनं मोकळी सुटली, तेव्हापासून भाव बाजारात ठरतो. कॅनडाने तर आपल्या सरकारी साठ्यातलं जवळजवळ सगळं सोनं विकून टाकलं, २०१६ पर्यंत तिजोरीत नावापुरतीच नाणी उरली, आणि कॅनेडियन डॉलर व्यवस्थित चाललाय. त्याला सोन्यापेक्षा कच्च्या तेलाच्या भावाचा फरक जास्त पडतो, कारण देश तेल विकतो.

प्रश्न : व्याजदर वाढवला की चलन वर जातं असं सगळीकडे वाचते. पण मग कित्येकदा बातमी येते की दर वाढवूनही चलन पडलं. हे काय गौडबंगाल आहे? आणि साधा रोजगाराचा आकडा आला तरी डॉलर का उड्या मारतो?

तुम्ही विचारलंत ते अगदी मर्मावरचं आहे, म्हणून याला जरा जास्त जागा देतो.

साधा हिशेब असा की माझ्याकडे मोठी रक्कम आहे आणि ती मी कुठल्याही देशात ठेवू शकतो, तर जिथे व्याज जास्त तिथे ठेवणार. तिथे ठेवायची म्हणजे आधी त्या देशाचं चलन विकत घ्यावं लागणार. असं हजारोंनी केलं की ते चलन वर. पण व्याज १० टक्के आणि महागाई १५ टक्के असेल तर मला मिळालं काय? उलट गेलंच. म्हणून महागाई वजा करून उरतो तो दर बघायचा.

१९७९ च्या ऑगस्टमध्ये पॉल व्होल्कर फेडचे अध्यक्ष झाले तेव्हा अमेरिकेत महागाई भडकलेली होती, १९८० च्या सुरुवातीला ती १४ टक्क्यांच्या वर गेली. त्यांनी व्याजदर २० टक्क्यांच्या घरात नेला, कारखाने बंद पडले, बेरोजगारी वाढली, पण महागाई खाली आली आणि दर मात्र उंचच राहिले. म्हणजे महागाई वजा केल्यावरचं व्याज जबरदस्त. जगभरचा पैसा अमेरिकेकडे धावला आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये डॉलर इंडेक्स १६४ च्या जवळ पोचला, तो विक्रम अजून मोडलेला नाही. त्या महिन्यात एका पौंडाला जेमतेम १.०५ डॉलर मिळत होते.

आता उलटं उदाहरण, आणि हा दिवस मला नेहमी आठवतो, १६ सप्टेंबर १९९२. ब्रिटनने दोन वर्षांपूर्वी पौंड युरोपच्या विनिमय यंत्रणेत बांधला होता, साधारण २.७८ जर्मन मार्कच्या खाली जाऊ द्यायचा नाही अशी अट. बाजार पौंड विकत सुटला होता. सकाळी बँक ऑफ इंग्लंडचा दर १० वरून १२ टक्के केला, पौंड हलला नाही. दुपारी जाहीर केलं की उद्यापासून १५ टक्के. एका दिवसात पाच टक्के! तरी पौंड तळालाच चिकटलेला. संध्याकाळी अर्थमंत्री नॉर्मन लॅमाँट कॅमेऱ्यासमोर आले आणि ब्रिटन यंत्रणेतून बाहेर पडत असल्याचं सांगितलं, १५ टक्क्यांचा दर लागू झालाच नाही. का फसलं हे? कारण ब्रिटन तेव्हा मंदीत होता, घरकर्ज घेतलेल्या लाखो लोकांचे हप्ते दर वाढला की लगेच वाढायचे, आणि विकणाऱ्यांना हे माहीत होतं की असा दर कुठलंही सरकार फार दिवस ठेवू शकत नाही. म्हणजे दर किती आहे यापेक्षा तो टिकेल यावर विश्वास आहे का, हे बघितलं जातं. घाबरून केलेली दरवाढ ही घाबरल्याची कबुलीच ठरते.

आणि आता तुमचा रोजगाराच्या आकड्याचा प्रश्न. अमेरिकेचा रोजगार अहवाल महिन्यातून एकदा, बहुतेक वेळा पहिल्या शुक्रवारी, न्यूयॉर्कच्या सकाळी साडेआठला येतो. साडेआठच्या आधीची दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलात तर दिसेल की युरो-डॉलरचा भाव जवळजवळ गोठलेला असतो, घ्यायचा भाव आणि विकायचा भाव यांच्यातलं अंतर रुंद होत जातं कारण कुणालाच मोठा सौदा अंगावर घ्यायचा नसतो. साडेआठ वाजतात आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत भाव दुसरीकडे गेलेला असतो. समजा दोन लाख नवीन नोकऱ्या मिळाल्या अशी बातमी आली, छान बातमी, पण बाजाराने अडीच लाख धरल्या होत्या, तर डॉलर पडेल. कारण नोकऱ्या कमी म्हणजे फेड दर वाढवायची घाई करणार नाही, म्हणजे उद्याचं व्याज कमी. बातमी चांगली का वाईट यावर भाव हलत नाही, अपेक्षेपेक्षा चांगली का वाईट यावर हलतो, जे आधीच धरलंय ते भावात येऊन बसलेलंच असतं.

यामुळेच तुम्ही म्हणता ते गौडबंगाल घडतं. फेडने मार्च २०२२ पासून दर वाढवायला घेतले, शून्याच्या जवळून जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेले. डॉलर कधी शिखरावर होता? सप्टेंबर २०२२ च्या शेवटी, इंडेक्स ११४ च्या वर. त्यानंतर आणखी दहा महिने फेड दर वाढवतच होती आणि डॉलर उतरत होता, शेवटची वाढ झाली त्या जुलैमध्ये इंडेक्स १०० च्या आसपास. बाजार पुढच्या वर्षाचं आधीच जगून मोकळा झाला होता, आता त्याची नजर दर कधी उतरतील यावर होती.

प्रश्न : माझी मुलगी जपानी भाषा शिकतीये म्हणून तिकडच्या बातम्या वाचतो. शिस्तीचा देश, श्रीमंत देश, महागाई इतकी वर्षं नव्हतीच, जगाला कर्ज देणारा देश, तरी येन एवढा का घसरला? ११५ वरून १६० झाला म्हणजे वाढला ना खरं तर?

शेवटचं आधी. डॉलर-येनचा आकडा म्हणजे एका डॉलरला किती येन. तो ११५ चा १६० झाला म्हणजे त्याच एका डॉलरसाठी जास्त येन मोजावे लागले, म्हणजे येन स्वस्त झाला. पौंड आणि युरो उलटे लिहितात, एका पौंडाला किती डॉलर. यात भलेभले गोंधळतात.

आता मुख्य गोष्ट. चलन ही देशाची शिस्त, संस्कृती, इभ्रत यांची गुणपत्रिका नाहीये. असा समज खूप पत्रांमध्ये दिसतो आणि मला तो मनापासून खटकतो, कारण त्यामुळे लोक भाव पडला की देश बुडाला समजतात आणि चढला की महासत्ता झालो समजतात. येन पडला त्याचं कारण फार साधं आहे, व्याज. बँक ऑफ जपानने २०१६ पासून दर उणे ठेवला होता आणि तो मार्च २०२४ पर्यंत उणेच होता, तोपर्यंत अमेरिकेत साडेपाच टक्के मिळायला लागले होते.

एक हिशेब करून दाखवतो. तुम्ही जपानमधून १ कोटी येन कर्ज घेतलं, व्याज जवळजवळ काही नाही. डॉलरला १५० येन या भावाने त्याचे ६६,६६७ डॉलर झाले. ते अमेरिकेत ५ टक्क्यांनी ठेवले, वर्षाने ७०,००० डॉलर. भाव तोच १५० असेल तर परत येन केल्यावर १ कोटी ५ लाख, कर्ज फेडून ५ लाख येन हातात, स्वतःचा एक पैसाही न घालता. याला कॅरी ट्रेड म्हणतात. आणि हे करणारा प्रत्येकजण येन विकून डॉलर घेत असतो म्हणून येन आणखी खाली जातो, म्हणून ज्यांनी आधी केलं त्यांचा आणखी फायदा होतो, म्हणून आणखी लोक येतात. पण वर्षाने भाव १४० झाला तर? ७०,००० डॉलरचे ९८ लाख येन. कर्ज १ कोटी. खिशातून २ लाख गेले. म्हणजे वर्षभर साठवलेलं व्याज भाव साधारण १४३ च्या खाली गेला की संपतं.

हेच जुलै-ऑगस्ट २०२४ मध्ये झालं. जुलैच्या सुरुवातीला डॉलर १६२ येनच्या जवळ होता, ३८ वर्षांतला येनचा नीचांक. जपानने बाजारात उतरून येन विकत घेतले, मग ३१ जुलैला बँक ऑफ जपानने दर ०.२५ टक्के केला, फक्त पाव टक्का, आणि त्याच आठवड्यात अमेरिकेचे रोजगाराचे आकडे कमजोर आले. कर्जाने येन घेतलेल्या सगळ्यांना एकदम परतायचं होतं आणि दरवाजा एकच. ५ ऑगस्टला डॉलर १४२ येनपर्यंत आला आणि टोकियोचा निक्केई निर्देशांक एका दिवसात १२.४ टक्के कोसळला, १९८७ नंतरची सगळ्यात मोठी टक्केवारी. चलन महिनोन्महिने पायऱ्या उतरतं आणि मग लिफ्टने वर येतं, येनच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा झालंय.

दुसरी कारणं पण आहेत. जपान आपलं जवळजवळ सगळं तेल आणि गॅस बाहेरून घेतो, २०२२ मध्ये त्यांचे भाव भडकले आणि बिलं डॉलरमध्ये चुकवायची होती, त्या वर्षी जपानची व्यापारी तूट सुमारे २० लाख कोटी येन झाली. आणि "जगाला कर्ज देणारा देश" हे खरंच आहे, पण जपानी कंपन्या परदेशात कमावतात ते बरंचसं तिथेच परत गुंतवतात, कागदावर कमाई दिसते पण येन विकत घ्यायला कुणी येत नाही.

एक गोष्ट सांगायलाच हवी. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये तो भयंकर भूकंप आणि त्सुनामी झाली. हजारो माणसं गेली, अणुभट्ट्या पेटल्या. येन पडला असेल असं वाटतं ना? सहा दिवसांनी येन तोपर्यंतच्या विक्रमी उंचीवर होता, डॉलरला ७६ च्या आसपास. बाजारात समजूत पसरली की जपानी विमा कंपन्यांना नुकसानभरपाई द्यायला परदेशातला पैसा घरी आणावा लागणार, म्हणजे येन घ्यावे लागणार, मग आपण आधी घेऊन ठेवू. १८ मार्चला सात बड्या देशांनी मिळून येन विकले तेव्हा कुठे तो थांबला. ज्या देशावर आभाळ कोसळलं त्याचं चलन त्याच आठवड्यात सगळ्यात महाग झालं, कारण बाजार दुःख मोजत नाही, उद्या कोण काय विकत घेणार एवढंच मोजतो.

प्रश्न : सरकारं ठरवून चलनाचा भाव का ठेवत नाहीत? एवढ्या मोठ्या मध्यवर्ती बँका आहेत.

ठेवतात, पण वाऱ्याच्या दिशेने ढकललं तर जमतं, विरुद्ध ढकललं तर हात भाजतात. २२ सप्टेंबर १९८५ ला न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात अमेरिका, जपान, पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटन या पाच देशांनी डॉलर खाली आणायचं ठरवलं. डॉलरला तेव्हा २४० च्या आसपास येन मिळत होते, वर्षभरात ते दीडशेच्या घरात आले. यश म्हणून हे नेहमी सांगतात, पण डॉलर फेब्रुवारीपासूनच उतरायला लागला होता, यांनी उतारावरच्या गाडीला धक्का दिला.

इथे एक बारीक गोष्ट आहे. आपलं चलन खाली ठेवायचं असेल तर मध्यवर्ती बँक ते हवं तेवढं छापून विकू शकते. वर ठेवायचं असेल तर दुसऱ्याचं चलन विकावं लागतं, आणि ते छापता येत नाही, साठा संपतो. म्हणून वर ठेवण्याची लढाई जास्त अवघड. पण सोपी बाजूसुद्धा कायमची नाही. स्विस नॅशनल बँकेने सप्टेंबर २०११ पासून एका युरोला किमान १.२० फ्रँक हा भाव राखला होता, फ्रँक छापून युरो घेत राहिली. १५ जानेवारी २०१५ ला सकाळी अचानक सोडून दिलं, आणि काही मिनिटांत एका युरोला एक फ्रँकसुद्धा मिळेना. घड्याळं, यंत्रं, औषधं निर्यात करणाऱ्या स्विस कंपन्यांचा सगळा हिशेब एका सकाळीत फिरला.

प्रश्न : मजबूत चलन चांगलं की कमजोर?

कुणासाठी, ते सांगा. जपानी कंपनीने अमेरिकेत ३०,००० डॉलरला गाडी विकली तर ११० च्या भावाने ३३ लाख येन आणि १५० च्या भावाने ४५ लाख येन. तीच गाडी, तीच किंमत, १२ लाख येन जास्त. कंपनी खूश. पण त्याच कंपनीत काम करणाऱ्याच्या घरी वीज, गॅस, आयात केलेलं धान्य महागलं आणि पगार तेवढाच राहिला. मला विचाराल तर पातळीपेक्षा वेग जास्त त्रास देतो. दहा वर्षांत भाव २० टक्के बदलला तर माणसं जुळवून घेतात, दहा आठवड्यांत बदलला तर करार, कर्जं, पगार सगळंच विस्कटतं.

प्रश्न : मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. वर्षभरानंतर डॉलर कुठे असेल हे काढायचं एखादं सूत्र आहे का?

सूत्रं खूप आहेत, चालणारं कमी. १९८३ मध्ये रिचर्ड मीझ आणि केनेथ रोगॉफ या दोघांनी तेव्हाची नावाजलेली मॉडेल्स तपासली, ज्यांत पैशाचा पुरवठा, व्याज, महागाई, व्यापार सगळं होतं, आणि "उद्याचा भाव म्हणजे आजचाच भाव" असं डोळे मिटून सांगणाऱ्यापेक्षा वर्षभरापर्यंतच्या अंदाजात ती सरस ठरली नाहीत. हा निकाल अजून अर्थतज्ज्ञांच्या घशात अडकलेला आहे.

पण निराश होऊ नका, दिशाहीन आहे असं नाही. खूप लांबच्या पल्ल्यात, पाच-दहा-पंधरा वर्षांत, ज्या देशात महागाई जास्त त्याचं चलन घसरत जातं हे बऱ्यापैकी खरं ठरतं. मधल्या पल्ल्यात व्याजदरांमधला फरक आणि त्याबद्दलच्या अपेक्षा. तुम्हाला अभ्यासच करायचा असेल तर दोन देशांच्या दोन वर्षांच्या सरकारी रोख्यांचे दर घ्या, वजाबाकी करा आणि ती रेषा चलनाच्या भावाशेजारी काढा, कितीतरी काळ दोन्ही हातात हात घालून चाललेल्या दिसतील, आणि जिथे हात सुटतो तिथे काहीतरी वेगळं घडलेलं असतं, ते शोधा. २०२२ च्या सप्टेंबरमधला पौंड बघा. २३ तारखेला अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी पैसा कुठून येणार हे न सांगता मोठी करकपात जाहीर केली, ब्रिटिश रोख्यांवरचं व्याज झपाट्याने वर गेलं, नेहमीच्या नियमाने पौंड वर जायला हवा होता, तर २६ तारखेला तो १.०३ डॉलरच्या जवळ, इतिहासातल्या तळाला. व्याज वाढलं ते अर्थव्यवस्था जोरात होती म्हणून नाही, तर उधार देणारे बिचकले म्हणून. आकडा एकच, कारण वेगळं, आणि चलन उलट्या दिशेला. रुडिगर डॉर्नबुश यांचा १९७६ चा लेखही मिळवून वाचा, वस्तूंचे भाव सावकाश बदलतात आणि चलन झटक्यात, म्हणून चलन आधी गरजेपेक्षा जास्त उडी मारतं आणि मग परततं, हे त्यांनी फार सुंदर मांडलंय.

प्रश्न : वर्तमानपत्रं रोज लिहितात "चलनाचं अवमूल्यन झालं". अवमूल्यन आणि घसरण एकच का?

एकच नाही, आणि हा घोळ थांबला तर बरं होईल. अवमूल्यन सरकार करतं, घसरण बाजारात होते. सरकारने भाव बांधून ठेवलेला असतो आणि एके दिवशी ते स्वतः तो खाली आणतं, त्याला अवमूल्यन म्हणायचं. १८ नोव्हेंबर १९६७ ला ब्रिटनने पौंड २.८० डॉलरवरून २.४० वर आणला, ते अवमूल्यन. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन टीव्हीवरून लोकांना समजावत होते की तुमच्या खिशातल्या पौंडाची देशातली किंमत काही कमी झालेली नाही, आणि त्यांच्यावर भरपूर टीका झाली, कारण आयात महागणार हे लोकांना कळत होतं. आणि २४ जून २०१६ च्या पहाटे, युरोपीय संघ सोडायचा का यावरच्या ब्रिटनच्या सार्वमताचे निकाल येता येता पौंड १.५० वरून १.३३ च्या खाली गेला, ती घसरण, तिथे कुणीही सही केली नव्हती.